चाकांवरचा वर्ग: खानदेशातल्या शहरी वस्त्यांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, भुसावळच्या वस्त्यांमध्ये आमची बस उभी राहते, तेव्हा मुलांच्या मागोमाग मोठी माणसंही प्रश्न घेऊन येतात. आईवडील असतात, नगरपालिका-महानगरपालिकेच्या शाळांतले शिक्षक असतात, मदत करायची इच्छा असलेले असतात, आपल्या गावात असं काही सुरू करावं म्हणणारेही असतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथली गुंतागुंतच तेवढी आहे.

चाकांवरचा वर्ग म्हणजे नेमकं काय?

जुन्या मिनीबसमधल्या सीटा काढून केलेली एक खोली. खाली रबरी चटई, दोन्ही बाजूंना अरुंद बाकं, ड्रायव्हरच्या मागे फळा, खिडक्यांना जाळी, बॅटरीवर चालणारे दोन पंखे. बाकांच्या पोटात पेट्या असतात. त्यात पाट्या, अक्षरांची कार्डं, मणी, गोष्टींची पुस्तकं. एका वेळी २० ते २५ मुलं आरामात बसतात. बस ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येते, दोन-अडीच तास थांबते आणि पुढच्या वस्तीत जाते.

शाळा हाकेच्या अंतरावर असताना बस कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. शहरात बहुतेक ठिकाणी ती असतेही. वस्तीतून शाळेची घंटा ऐकू येते. तरी मूल जात नाही.

अडचण अंतराची कमी आणि वेळेची जास्त आहे. आईवडील सकाळी सात-आठला मजूर अड्ड्यावर जातात, किंवा डाळमिलमध्ये, जिनिंगमध्ये, बांधकामावर. घरी धाकटं भावंड असतं. ते अंगणवाडीत टिकलं तर ठीक, नाहीतर ते थोरल्या बहिणीच्या कडेवर. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर हंडे भरायचं कामही तिचंच. शाळा सकाळी अकराला सुरू होऊन पाचला सुटत असेल, तर हे सहा तास त्या घरात कोणाकडेच मोकळे नसतात. दोन तास मात्र निघतात.

एक प्रसंग सांगते. साधारण नऊ वर्षांची एक मुलगी रोज बसच्या पायरीपाशी यायची आणि आत न येता दांड्याला धरून उभी राहायची. कडेवर भाऊ, जेमतेम दीड वर्षाचा. "आठे ये, बठ," म्हटलं तरी हलायची नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "मना भाऊले कोन देखी?" (माझ्या भावाला कोण बघेल?) आम्ही शेवटच्या बाकाखाली गोधडी अंथरली. तो तिथे झोपला, आणि ती पहिल्यांदा पाटी घेऊन बसली. महिनाभर तिचा एक हात पाटीवर आणि एक पाय त्या गोधडीला लावलेला असे. नियमित शाळेच्या वर्गात तिला ही मुभा कोणी दिली नसती. शिक्षकांचा त्यात दोष नाही, चाळीस मुलांच्या वर्गात तान्ह्यांची सोय होऊ शकत नाही.

तिच्यासारख्या मुलांना शाळेच्या दारापर्यंत नेणं एवढंच बसचं काम आहे. बसला शाळेची जागा घ्यायची नाही. गरिबाच्या मुलासाठी वेगळी, दोन तासांची, स्वस्तातली शाळा असावी, हा विचार आम्हाला मुळातच मान्य नाही.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. महाराष्ट्रात तिची मुळं चांगली जुनी आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. 'अंगणवाडी' आणि 'कुरणशाळा' हे शब्द तिथले. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी दिल्लीत १९६९ साली मोबाइल क्रेशेस ही पाळणाघरं चालवणारी संस्था सुरू झाली. शहरी वस्त्यांत प्रत्यक्ष बस नेण्याचं काम मुंबई-पुण्यात डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९९८ पासून करते आहे. आम्ही या सगळ्यांकडून शिकलो. खानदेशाचं ऊन, इथली बोली आणि इथलं स्थलांतर यांचं गणित मात्र आम्हालाच बसवावं लागलं.

बसमध्ये शिकून दाखला मिळतो का?

नाही. बस ही मान्यताप्राप्त शाळा नाही. दाखला, गुणपत्रक, शिष्यवृत्ती, पोषण आहार, पुस्तकं, गणवेश हे सगळं शाळेच्या पटावर नाव असेल तरच मिळतं. म्हणून मूल बसमध्ये आलं की पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव जवळच्या शाळेत घालायच्या खटपटीला आम्ही लागतो.

जन्मदाखला नाही, आधार नाही, आधीच्या शाळेचा दाखलाही नाही. प्रवेश मिळेल?

मिळेल. मिळायलाच हवा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक पालकाने लक्षात ठेवाव्यात.

कलम १४ म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर पालकांनी वयाबद्दल लिहून दिलेलं चालतं. कलम ५ म्हणतं की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. आणि कलम १५ प्रमाणे शाळा सुरू होऊन महिने उलटले असले तरी मुलाला घ्यावंच लागतं. 'आता जूनमध्ये या' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

आधारचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्पष्ट केलं आहे. शाळेला ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांक भरायचा असतो, त्यामुळे मुख्याध्यापक तो मागतात. त्यांची अडचण खरी आहे. पण नोंद नंतर करता येते, आणि मुलाचं वर्ष वाया गेलं तर ते परत येत नाही.

एका शाळेत आम्ही याच कारणासाठी तीनदा गेलो. दोनदा कागदांवर बोट ठेवून परत पाठवलं. तिसऱ्यांदा मुलाची आई सोबत आली, रोजंदारी बुडवून. तिने काही वाद घातला नाही, नुसती टेबलासमोर उभी राहिली. आम्ही अर्ज लेखी दिला आणि पोच मागितली. त्या दिवशी नाव पटावर आलं. तेव्हापासून आमचा नियम आहे: तोंडी विनंती एकदाच, नंतर लेखी अर्ज आणि पोच. तरीही नकार आला तर महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं.

मूल दहा वर्षांचं आहे, अक्षरओळखही नाही. पहिलीत बसवायचं का?

अजिबात नको. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांत बसवलं की ते आठवड्याभरात पळतं, आणि पळण्यात त्याचं काही चुकत नाही. कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे साधारण पाचवीत, आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळायचा हक्क असतो. त्याची मुदत कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. उशिरा आलेल्या मुलाला चौदा वर्षं पूर्ण झाल्यावरही आठवीपर्यंत मोफत शिकता येतं. ही तरतूद पालकांना जवळजवळ कधीच माहीत नसते.

नाव पाचवीत आणि अभ्यास अक्षरांपासून, ही फट भरायला आमचे दोन तास उपयोगी पडतात.

किती दिवसांत वाचायला लागतं?

प्रत्येकाचं वेगळं. आम्ही वय बाजूला ठेवून येतं किती त्यावर गट करतो: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एकाच गटात सात वर्षांचा आणि अकरा वर्षांचा असतो, आणि ते चालतं. रोज येणारं मूल दोन-तीन महिन्यांत शब्दांवर येतं हे आम्ही बरेचदा पाहिलं आहे. आठवड्यात दोनच दिवस येणाऱ्याचं काही सांगता येत नाही.

गणित मात्र मुलांना आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त येत असतं. भंगार वेचणारा मुलगा किलोचा भाव सांगितला की पावणेदोन किलोचे पैसे तोंडी सांगतो. तेच पाटीवर मांडा म्हटलं की गोंधळतो. त्याला हिशेब शिकवायची गरज नसते. तोंडातला हिशेब आकड्यांत कसा उतरवायचा, तेवढं दाखवावं लागतं.

मुलं अहिराणी बोलतात, काही पावरी. प्रमाण मराठीतलं पुस्तक कळतं का?

लगेच नाही. आणि ही बाब शाळेतून गळतीची जी कारणं सांगितली जातात, त्यात अभावानेच असते.

खानदेशात एका वस्तीत चार-पाच बोली सहज असतात. अहिराणी आहेच. यावल-रावेरकडच्या कुटुंबांची तावडी किंवा लेवा बोली, सातपुड्यातून आलेल्यांची पावरी आणि भिलोरी, चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवरची बंजारा बोली, शिवाय उर्दू आणि मध्य प्रदेशातून आलेल्यांची निमाडी. या मुलांना पहिल्या दिवशी 'ळ' समोर आला की काय होतं ते पाहा. आमच्याकडच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया.

एका मुलाने स्वतःहून पाटीवर पहिला शब्द लिहिला, तो होता 'फया'. बसमध्ये समोर फळा टांगलेला, त्याच्याकडे बघून लिहिलेला. ऐकू येतं तसं, तंतोतंत. नवीन आलेल्या ताईने तो खोडायला डस्टर उचललं आणि आम्ही तिचा हात धरला. त्याने आवाज ओळखला, आवाजाला अक्षर जोडलं, काना योग्य जागी दिला. वाचनाचं निम्मं काम झालं होतं. आम्ही शेजारी 'फळा' लिहिलं आणि सांगितलं, घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात. दोन्ही शब्द दिवसभर पाटीवर राहिले.

हीच पद्धत आम्ही सगळ्यांना सुचवतो. सुरुवातीचे शब्द मुलांच्या तोंडचे घ्या: माय, वावर, भाकर, आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी). गोष्ट अहिराणीत सांगा, मग तीच मराठीत. पावरी आपल्याला येत नसेल तर वस्तीतली आठवी-दहावी झालेली एखादी मुलगी सोबतीला घ्या. उर्दू बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत पालकांनाच विचारा. तिन्ही शहरांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, निवड त्यांची.

दसऱ्यानंतर वस्ती रिकामी होते. त्या मुलांचं काय?

याचं पूर्ण समाधानकारक उत्तर आमच्याकडे नाही, पण जे करतो ते सांगतो.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे आणि पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात, काही कापूस वेचायला. बैलगाडी किंवा ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या आणि मुलं एकदमच चढतात. आजी-आजोबा मागे राहणार असतील तर मुलाला त्यांच्यापाशी ठेवा, असं आम्ही घरोघरी जाऊन सांगतो. शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना अशाच मुलांसाठी आहे. शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत मागणी केली तर उपयोग होतो, म्हणून हे बोलणं भाद्रपदातच सुरू करावं लागतं. मूल जाणारच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्यायचं. मूल कितवीत आहे आणि कुठवर शिकलं आहे, हे त्यावर असतं. जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवता येतं. सोबत एक पिशवीही देतो, पाटी आणि चार पुस्तकांची.

माणसं परत येतात ती उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास. आखाजी ते जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंतचे हे काही आठवडे आमच्यासाठी वर्षातले सगळ्यांत मोलाचे. घरात जरा पैसा असतो, आईवडील वस्तीत असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, बोलायला फुरसत असते. याच दिवसांत आम्ही सर्वेक्षण करतो, कागद जमवतो आणि सुटलेलं वाचन परत बसवतो. या दिवसांत सुट्टी घेणारा गट खानदेशात टिकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचं ऊन? पत्र्याच्या बसमध्ये मुलं कशी बसतात?

पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा नऊनंतर बसमध्ये बसणं धोक्याचंच असतं. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही हे ओळखलं नाही. एका मुलीला भोवळ आली. सुदैवाने वेळीच सावलीत नेऊन पाणी पाजलं. चूक आमचीच होती.

आता उन्हाळ्यात वर्ग सकाळच्या गारव्यात, साडेसहा ते नऊ. बस लिंबाखाली लावायची. टपाला पांढरा रंग, खिडक्यांना ओल्या वाळ्याचे पडदे. पाण्याचा माठ आत, आणि मिठा-साखरेचं पाणी तयार. तरीही उकडलं तर मुलं खाली उतरून झाडाखाली बसतात आणि बसचं दार फळ्याचं काम करतं. पायरीचा लोखंडी दांडा दहा वाजता हाताला चटका देतो, म्हणून त्याला सुतळी गुंडाळली आहे.

बस कुठे उभी करावी?

वापरण्याजोगं शौचालय जिथून जवळ आहे तिथे. मोठ्या मुली केवळ या एका कारणाने यायच्या थांबतात आणि कारण कधीच सांगत नाहीत. दुसरं, मुलांना मोठा रस्ता किंवा रेल्वे रूळ ओलांडावा लागू नये. भुसावळला रुळांकडेच्या वस्तीत यासाठी आम्ही थांबा बदलला. गल्ली अरुंद असेल तर बसचा हट्ट नको. हातगाडीवर पेटी ठेवून देवळाच्या पारावर तेच दोन तास होतात.

गाडीला कोणत्या परवानग्या लागतात? खर्च किती?

सीटा काढणं, आतली रचना बदलणं हा वाहनातला बदल आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची मान्यता लागते. फिटनेस, विमा, पीयूसी हे ओघाने आलंच. जागेसाठी महानगरपालिकेला पत्र द्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यालाही कळवा.

आकडा सांगत नाही, कारण तो गाडीच्या वयावर आणि फेऱ्यांवर ठरतो. एवढं मात्र सांगते, गाडी एखादा दाता देतो, पण दर महिन्याचं डिझेल, ड्रायव्हरचा पगार आणि शिक्षिकांचं मानधन द्यायला कोणी पटकन पुढे येत नाही. वर्षभराच्या मानधनाची सोय झाल्याशिवाय बस रस्त्यावर आणू नका. सहा महिन्यांत बंद पडलेली बस मुलांच्या मनात 'ही माणसं पण गेली' एवढंच ठेवून जाते.

वाढदिवसाला बसमध्ये केक आणला, मुलांसोबत फोटो काढले तर चालेल?

नाही. मनात चांगलंच असतं, हे आम्ही जाणतो. पण मुलं त्या दोन तासांत अभ्यासाला आलेली असतात, आणि चेहऱ्याचे फोटो आम्ही कोणालाच काढू देत नाही. बसमध्ये खाऊही वाटत नाही. शाळेत दुपारी शिजवलेला पोषण आहार असतो. बसमध्ये बिस्किटं मिळू लागली तर शाळेत जाणारी मुलंही बसकडे वळतात, हे आम्ही एकदा पाहिलं आणि त्याच दिवशी थांबवलं. द्यायचंच असेल तर डिझेलसाठी द्या, किंवा दर आठवड्याला एक ठरलेली सकाळ द्या आणि वर्षभर चुकवू नका.

शिकवतं कोण? डी.एड. लागतं का?

असेल तर उत्तम, पण अट नाही. वस्तीतल्याच बारावी झालेल्या मुली आमच्या सगळ्यांत चांगल्या शिक्षिका आहेत. त्यांना बोली येते, घरं माहीत असतात, आणि मूल आलं नाही तर कोणत्या गल्लीत शोधायचं ते कळतं. दर शनिवारी सगळ्या एकत्र बसतात आणि पुढच्या आठवड्याची तयारी करतात. एक नियम कडक आहे. मारायचं नाही, अपमान करायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेही ते बंद केलं आहे.

चौदा वर्षांवरच्या मुलांचं?

शाळेत वयानुरूप वर्ग मिळत नसेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे. थेट दहावीला बसायचं असेल तर १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म. यांच्यासाठी संध्याकाळी वेगळी बैठक घेतो, कारण ही मुलं दिवसभर कामावर असतात.

हॉटेलात, गॅरेजमध्ये लहान मूल काम करताना दिसलं तर?

१०९८ वर फोन करा. दिवसरात्र, मोफत. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामात केलेली मदत आणि बालकलाकारांचं काम तेवढं वगळलं आहे. मालकाशी तिथल्या तिथे भांडू नका, मूल दुसऱ्या दिवशी तिथून हलवलेलं असतं.

मुलाला शाळेत घातलं. आता काम संपलं ना?

इथून खरं अवघड सुरू होतं. नाव घालणं एका दिवसाचं, टिकणं वर्षाचं. पहिले सहा आठवडे सगळ्यांत नाजूक. मूल वर्गात मागे बसतं, कोणी 'बसवाली पोरं' म्हणून हिणवतं, एखाद्या दिवशी वही नसते आणि ते घरी राहतं. दुसऱ्या दिवशी कालच्या गैरहजेरीची भीती. तिसऱ्या दिवशी ते कायमचं घरी.

म्हणून या सहा आठवड्यांत आमची एक ताई रोज सकाळी वस्तीतून मुलांना एकत्र करून शाळेपर्यंत चालत जाते. वर्गशिक्षकांना आठवड्यातून एकदा भेटते. संध्याकाळी बसमध्ये गृहपाठ होतो. आईला शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जायला सांगतो. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या आहेत.

पायरीशी उभ्या राहणाऱ्या त्या मुलीचं नाव दिवाळीनंतर पटावर आलं. भाऊ अंगणवाडीत रुळायला आणखी दोन महिने लागले. मधल्या काळात अंगणवाडीच्या सेविका ताईंनी त्याला स्वतःजवळ बसवलं नसतं तर तिची शाळा पुन्हा सुटली असती. आज ती भावाला अंगणवाडीत सोडते आणि तशीच पुढे शाळेत जाते.

आमच्या वस्तीतही बस हवी आहे. काय करावं?

आधी वही घ्या. शाळा भरलेली असते अशा दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला वस्तीतून फिरा आणि गल्लीत, भंगाराच्या ढिगापाशी, नळावर, टपरीवर दिसणारी सहा ते चौदा वयाची मुलं मोजा. प्रत्येकाचं नाव, अंदाजे वय, घरची बोली, शाळेत कधी गेलं होतं का, वर्षातले किती महिने इथे असतं, आणि दिवसातले कोणते दोन तास त्याला मोकळे असतात, हे लिहा. मुलींना ते तास वेगळे विचारा. पाच-सहाच मुलं निघाली तर बस लागत नाही, तुम्ही स्वतः त्यांना हाताला धरून शाळेत नेऊ शकता, कागदांसाठी आम्ही सोबत येतो. वीसच्या वर निघाली तर वही घेऊन या. थांबा कुठे करायचा, ते वस्तीत येऊन तुमच्यासोबत चालूनच ठरवू.